समुद्राची रंगीत तालीम

रविवारी समुद्रावर जायचं होतं, म्हणून शनिवारी सकाळी थोरल्याने घरातल्या सगळ्यांना फोनवर सूचना पाठवली. बैठक नऊ वाजता, स्थळ दिवाणखाना, उपस्थिती आवश्यक. सूचना आली तेव्हा त्याचे वडील, नाना, त्याच दिवाणखान्यात, त्याच्याच शेजारी, त्याच्याच वर्तमानपत्राचं आतलं पान वाचत बसले होते.

"अरे, मी इथेच आहे," नाना म्हणाले.

"माहीत आहे. पण लेखी असलेलं बरं."

थोरला रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. त्याच्या कारखान्यात अकरा वर्षांत एकही अपघात झाला नव्हता. अपघात व्हायला आधी काम सुरू व्हावं लागतं, आणि दादाच्या परवानग्या मिळेपर्यंत पाळी संपलेली असते, असं धाकटा म्हणायचा. थोरल्याच्या पाठीमागे म्हणायचा असं नाही, तोंडावरच म्हणायचा.

धाकटा आणि त्याची बायको दोन गल्ल्या सोडून राहायचे, त्यामुळे ते वीस मिनिटं उशिरा आले. दोघांच्या मध्ये एक भलीमोठी छत्री आडवी होती आणि ती दारातून आत येईना, म्हणून धाकट्याने दारामागे पायपुसणं कोंबून ते सताड उघडं ठेवलं. धाकटा लग्नांचे फोटो काढायचा. त्याच्या बायकोचं औषधांचं दुकान होतं. या दोघांना मूल नव्हतं, त्यामुळे मुलं कशी वाढवावीत याबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती.

थोरल्याने कागद वाटले. प्रत्येकी दोन पानं, कोपऱ्यात टाचलेली. पहिल्या पानावर तक्ता. घरात मुलं दोनच, दोन्ही थोरल्याची. सात वर्षांची मास्तरीण आणि चार वर्षांचा टिंगू. मास्तरणीला ते नाव नानांनी दिलं होतं, कारण ती प्रश्न विचारताना उत्तर तपासायच्या तयारीनेच उभी राहायची. तक्त्यात दर अर्ध्या तासाला दोन्ही मुलांसमोर एकेका मोठ्या माणसाचं नाव होतं. आई, बाबा, काका, काकू. आई, काकू. बाबा, आई. एका अर्ध्या तासाला तर माई, म्हणजे नानांची बायको.

नानांनी चष्मा वर सरकवून आपलं नाव शोधलं. पहिल्या पानावर ते नव्हतं. दुसऱ्या पानावर 'सामान' असं शीर्षक होतं आणि खाली यादी: छत्री, चटया दोन, पाण्याच्या बाटल्या, औषधांची पिशवी, टॉवेल, नाना (खुर्चीसह).

त्यांनी यादी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचूनही ते टॉवेलच्या खालीच होते.

नानांनी बंदराच्या कचेरीत एकतीस वर्षं समुद्राच्या पाण्याची उंची मोजली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खिडकीतून चंद्र दिसला की ते मनातल्या मनात उद्याच्या भरतीची वेळ काढायचे. गेला महिनाभर रोज संध्याकाळी ते बाथरूममध्ये कपड्यांचा टब भरून, वर बॅटरीचा चंद्र धरून, नातवंडांना समुद्र समजावून सांगत होते. ओहोटीला पाणी मागे गेलं की खडक उघडे पडतात, खडकांच्या खळग्यांत पाणी साठून राहतं, आणि त्या तळहाताएवढ्या डबक्यात नखाएवढे खेकडे असतात, बोट लावलं की मिटणारी फुलं असतात. मी तुम्हाला दाखवीन, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलांना सांगितलेलं मोडायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. त्यासाठी त्यांना रविवारातला एकच तास हवा होता.

"यात खडकांचं कुठे दिसत नाही," ते म्हणाले.

"खडक निसरडे असतात, नाना," थोरला म्हणाला.

"निसरडे असतात म्हणूनच कसं चालायचं ते शिकवायचं."

थोरली सून मुलांच्या बाटल्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवत होती. तिने मान वर केली नाही. "तुम्ही आरामात बसा ना, नाना. तुम्हालाही सुट्टी मिळायला हवी."

थोरली दातांची डॉक्टर होती. दातांच्या डॉक्टरांकडे एक खास आवाज असतो, 'जरासं टोचेल' हे सांगण्यासाठीचा. हे वाक्य त्या आवाजात आलं होतं.

"मला रोजच सुट्टी असते," नाना म्हणाले, आणि गप्प बसले. कारण पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणी उच्चारत नव्हतं. मागच्या वर्षी टिंगूला घेऊन नाना कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. वाटेत एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं. एवढी उंच क्रेन वाऱ्यात पडत कशी नाही, हे टिंगूला समजावून सांगताना नानांना इतका आनंद झाला की टिंगू निघून गेल्याचं त्यांना कळलंच नाही. तो बारा मिनिटांनी सापडला, पलीकडच्या बाकावर, एका अनोळखी बाईचं आइस्क्रीम खाताना. तोवर नाना क्रेनला शिकवत होते, असं धाकटा सांगायचा. तेव्हापासून मुलं नानांबरोबर बाथरूमपलीकडे गेली नव्हती.

"बरं, कपडे," धाकटा म्हणाला. "सगळ्यांनी पांढरं घालायचं. निळं पाणी, पांढरे कपडे. फ्रेम अशी येईल की बघत राहाल."

"पांढरं? वाळूत?" थोरली म्हणाली.

"मुलांना?" धाकटी म्हणाली.

या दोघी जावांचं गेल्या कित्येक महिन्यांत कशावर एकमत झालं नव्हतं. पण कपडे कोण धुणार हा प्रश्न आला तशा दोघी एकाच सोफ्यावर, एकमेकींना खेटून बसल्या.

"तू धुणार आहेस का?" धाकटीने नवऱ्याला विचारलं.

"मी फोटो काढणार आहे."

"मग चौकट जवळची धर आणि नुसते चेहरे घे," थोरली म्हणाली. "चेहरे आम्ही धुऊन आणू."

माई कोपऱ्यात अंड्यांची टरफलं काढत होती. ती आयुष्यभर टेलिफोन केंद्रात बसून लोकांचे फोन जोडून देत आलेली बाई. एका वेळी तीन संभाषणं ऐकायची आणि चौथ्यात बोलायची तिला सवय होती. "निघायचं किती वाजता ते ठरलंय का," तिने विचारलं, "का नुसते कपडेच जाणार आहेत?"

"अकराला तिथे पोचायचं," थोरल्याने पान उलटलं.

"अकराला तिथे समुद्रकिनारा नसेल," नाना म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. टिंगूची दुपारची झोप की मास्तरणीचं जेवण, यावर वाद सुरू झाला होता. नाना थांबले. शिकवणाऱ्याला थांबता यायला हवं, असं ते नेहमी म्हणायचे. तीन मिनिटं थांबले.

"अहो, हे काहीतरी सांगताहेत," माई म्हणाली. "एकतीस वर्षांचा पगार त्यासाठीच घेतलाय त्यांनी."

मग नानांनी सांगितलं. रविवारी अकराच्या सुमाराला पूर्ण भरती. पाणी थेट बांधाच्या भिंतीपर्यंत येतं. वाळू नाही, चटया नाहीत, छत्री रोवायला जागा नाही, सगळ्यांना भिंतीवर रांगेत बसावं लागेल. चार वाजल्यानंतर गेलो तर पाणी लांब गेलेलं असेल, किनारा रुंद, पाणी उथळ, सहा वाजेपर्यंत मुलांना काही भीती नाही.

थोरल्याने कागदाकडे असं पाहिलं, जणू त्यानेच दगा दिला होता.

"चारनंतर उजेडही मऊ असतो," धाकटा म्हणाला. "मी तेच म्हणणार होतो."

"टिंगूची झोपही होते," थोरली म्हणाली. "मी पहिल्यापासून संध्याकाळच म्हणत होते."

"उन्हाचा त्रास कमी. मलम एकदाच लावलं तरी पुरेल," धाकटी म्हणाली.

पाच मिनिटांत संध्याकाळची कल्पना तिघांची झाली. चौथा वाटेकरी म्हणून थोरल्याने तक्त्यातल्या सगळ्या वेळा खोडून पाच तास पुढे ढकलल्या आणि खाली 'सुधारित' असं लिहून सही केली.

"मग पाच ते सहा मी मुलांना खडकांवर..." नानांनी सुरुवात केली.

"तुम्ही सामानाजवळ, नाना. त्यात बदल नाही."

"आणि सामानाने मध्येमध्ये बोलायचं नसतं," धाकटा म्हणाला.

सगळे हसले. माईसुद्धा हसली. नानाही हसले, कारण त्या घरात विनोदाला न हसणारा माणूस लगेच आजारी ठरायचा आणि त्याचा रक्तदाब मोजायचं यंत्र बाहेर निघायचं.

इथपर्यंत सगळं चार घरांत होतं तसंच चाललं होतं. पण थोरल्याच्या मते योजना कागदावर राहिली तर ती योजनाच नव्हे. कारखान्यात तो दर महिन्याला आग न लागता आग विझवायचा. "तालीम घेऊ," तो म्हणाला. "दहा मिनिटं. पोरं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात कशी जातात ते बघून घेऊ."

सोफे भिंतीला लागले. दोन निळ्या चादरी जमिनीवर पसरून समुद्र तयार झाला. टीपॉय हा जीवरक्षकाचा मनोरा ठरला. नानांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी गेली, तिच्यावर छत्री उघडली, आजूबाजूला पिशव्या, वर टॉवेलांचा ढीग. छत्रीखाली बसल्यावर नानांना समोरचा अर्धाच समुद्र दिसत होता आणि मोठ्यांचे गुडघे.

थोरल्याने गळ्यात शिट्टी अडकवली. "एक शिट्टी, मुलं पाण्यात. दोन शिट्ट्या, प्रत्येकाने आपापलं मूल धरायचं आणि मोठ्याने आकडा सांगायचा. मुलांनो, हरवलात तर काय करायचं?"

"जिथे असू तिथेच थांबायचं," मास्तरीण म्हणाली. "बाबा, पण आपण कुठे आहोत हे आपल्याला माहीत असेल तर आपण हरवलो असं कसं?"

"प्रश्न शेवटी."

एक शिट्टी झाली. मुलं चादरीवर लोळू लागली. साडेचारची पाळी बदलायची वेळ आली, म्हणजे थोरलीने टिंगूला धाकटीच्या हवाली करायचं होतं.

"ताई, त्याला मलम लावलंय का आधी?" धाकटीने विचारलं.

"घरून निघताना लावणार."

"ते दर दोन तासांनी लावावं लागतं. बाटलीवर लिहिलेलं असतं."

"बाटलीवर लिहिलेलं मलाही वाचता येतं. मी डॉक्टर आहे."

"दातांच्या. दातांना ऊन कुठे लागतं?"

"बाळाच्या कातडीवर इतकं औषध थापायची गरज नसते, असं माझं मत आहे. आणि बाळ माझं आहे."

एकमताने सोफ्यावर बसलेल्या जावा आता समुद्राच्या दोन काठांवर उभ्या होत्या. धाकटा टीपॉयवर चढून दोघींचा फोटो घेत होता, "राग फार नैसर्गिक आलाय" असं म्हणत. थोरला तक्त्यात 'मलम' नावाची नवी ओळ आखत होता. आणि टिंगू, ज्याला महिनाभर खेकड्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, आडवा-आडवा चालत चादरीबाहेर आला, पिशव्यांमधून वाट काढून नानांच्या खुर्चीमागे गेला आणि टॉवेलांचा ढीग अंगावर ओढून बसला. टॉवेलांमधून त्याने नानांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

दोन शिट्ट्या झाल्या.

"एक," मास्तरणीचा हात धरून थोरला म्हणाला. 'दोन' आलंच नाही.

"दोन कुठे आहे?"

"तिच्याकडे दिला होता," थोरली म्हणाली.

"मी घेतलाच नव्हता. आपलं बोलणं चालू होतं."

"मी हात सोडला म्हणजे दिलाच ना."

"ताई, बाजारात पिशवी विसरतात तसं सोडलंत तुम्ही."

"बाबा," मास्तरीण हात वर करून म्हणाली.

"आत्ता नाही. कार्यपद्धती, मुद्दा पहिला: घाबरू नये." थोरल्याने पान उलटलं. "मुद्दा दुसरा: शेवटचं कुणी पाहिलं?"

नाना छत्रीखाली बसून होते. खरं तर एक शब्द बोलायचा होता. पण समोर चार शिकलेली माणसं सात पावलांच्या समुद्रात एक पोर शोधत होती, त्यातला एक शिट्टीसह, आणि सामानाने मध्ये बोलायचं नव्हतं. नानांच्या पोटात वर्षभर साठलेलं हसू हळूहळू वर यायला लागलं. त्यांनी मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरणीने टॉवेलांकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि वर केलेला हात सावकाश खाली घेतला. बघू या हे किती वेळ शोधतात, असं नानांच्या मनात आलं. आणखी थोडं. कपाटामागे बघू दे. पलंगाखाली बघू दे.

त्यांनी पलंगाखाली बघितलं, न्हाणीघरात बघितलं. धाकट्याने वॉशिंग मशीन उघडून पाहिलं आणि मग स्वतःच ओशाळून बंद केलं.

तेवढ्यात थोरलीला उघडं दार दिसलं.

तिचा चेहरा नानांना छत्रीच्या कडेखालून नीट दिसला. तिने कुणाला विचारलं नाही. ती अनवाणी जिन्याकडे धावली आणि तिच्या पावलांचा आवाज दोन-दोन पायऱ्या चुकवत खाली जायला लागला. मागच्या वर्षी त्या बांधकामाजवळच्या रस्त्यावर नाना असेच धावले होते. आपल्याच चपलांचा आवाज आपल्याच मागे येतोय असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. पोटातलं हसू जागच्या जागी दगड झालं.

"अगं, थांब," ते म्हणाले. थोरला त्याच क्षणी शिट्टी वाजवत होता, कारण तिसरा मुद्दा तो होता. नानांनी टॉवेल बाजूला सारले, टिंगूला उठवलं, छत्रीचा दांडा कपाळाला लागला तिकडे न बघता ते पिशव्या तुडवत जिन्याच्या कठड्याशी गेले आणि एकतीस वर्षांत बंदरावर मारली नसेल अशी हाक खाली मारली.

"इथे आहे. माझ्याजवळ आहे. वर ये."

ती वर आली. शेवटच्या पायऱ्या तिने चालत चढल्या. सगळे दारात जमले होते.

"कुठे होता?"

"माझ्या खुर्चीमागे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बसून राहिलात."

"हो," नाना म्हणाले. "मजा वाटली मला. चुकलं. असं करायला नको होतं मी."

"सामानाने..." धाकट्याने सुरुवात केली. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

"मागच्या वर्षी पोर यांच्या एकट्याच्या हातून गेलं," माई आतून म्हणाली. ती अजून अंडीच सोलत होती. "आज चार जणांच्या हातून गेलं. तेही फरशीवर. हे एवढं तक्त्यात लिही, बाकी तुमचं चालू दे."

थोरली टिंगूसमोर गुडघ्यावर बसली. "सोडा त्याला, नाना. मी घेते."

नानांनी खाली पाहिलं. त्यांनी टिंगूचं मनगट धरलं होतं, अंगठा बोटांवर घट्ट आवळून. पोराचा पंजा मोकळाच लटकत होता.

"नाना आता बोट देतच नाहीत," टिंगूने आईला सांगितलं. "बाथरूममध्येपण असंच धरतात."

"बोट निसटतं," नाना म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. "त्या दिवशी माझं बोट होतं त्याच्या हातात. मी वर बघत होतो. बोट हलकं झालं ते मला समजलं नाही. मनगटाचं समजतं."

थोरलीने टिंगूला जवळ घेतलं, पण ती उठली नाही. तशीच बसून तिने त्याच्या मनगटावरची लाली अंगठ्याने चोळली.

"मास्तरीण," ती शेवटी म्हणाली, "तू सांग. नानांबरोबर खडकांवर जाशील?"

नाना हात मागे बांधून उभे राहिले. नातवंडांच्या इतक्या परीक्षा घेतल्या होत्या त्यांनी, पण निकालासाठी असं उभं राहायची वेळ कधी आली नव्हती.

मास्तरणीने विचार केला. "जाईन. नानांना सगळं माहीत असतं. पण ते सांगायला लागले की त्यांना दिसायचं बंद होतं."

"मग काय करायचं?"

"ते टिंगूचं मनगट धरतील. मी त्यांचं धरीन. ते फार सांगायला लागले की दाबीन."

"म्हणजे जबाबदार व्यक्ती कोण धरायची?" थोरल्याने विचारलं. "ही सात वर्षांची आहे."

"ती धर," थोरली म्हणाली. तिने त्याच्या हातातून पेन घेतलं. "पाच ते सहा, खडक. मुलं तीन. दोन लहान, एक मोठं. मी दहा पावलं मागे असेन. मध्ये बोलणार नाही."

"हे मात्र लेखी घे," माई म्हणाली.

तिने तेही लिहिलं. मग नानांकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला चालेल का?"

नानांच्या मनात दोन-तीन उत्तरं आली. एकतीस वर्षांची नोकरी आली, वय आलं, सात वर्षांच्या पोरीच्या हाताखाली काम करण्याचा प्रश्न आला. "चालेल," ते म्हणाले.

"मग करून बघू," मास्तरीण म्हणाली. तालीम म्हणजे तालीम. ती बापाचीच मुलगी होती.

नानांनी टिंगूचं मनगट धरलं, तिने नानांचं. तिच्या मुठीत ते मावत नव्हतं, म्हणून तिने दुसरा हातही लावला. तिघं चादरीच्या काठाने, न दिसणाऱ्या खडकांवरून, पाय जपून टाकत निघाले. चादरीच्या एका चुणीपाशी टिंगू वाकला. नाना त्याच्याबरोबर वाकले.

"आता बघ," ते म्हणाले, "हे पाणी समुद्राबरोबर का नाही गेलं? कारण दगडाला इथे खळगा आहे, आणि खळग्यात जे साठतं ते..." त्यांचा आवाज चढायला लागला, डोळे चुणीवरून उठून कुठेतरी लांब क्षितिजाकडे गेले, आणि मनगटावर दोन छोट्या मुठी आवळल्या गेल्या.

नानांनी वाक्य तिथेच सोडलं. खाली पाहिलं. टिंगू होता. बाजूला पाहिलं. मास्तरीण होती.

"दोन," ते मोठ्याने म्हणाले, आणि मग पुढचं सांगायला लागले.

दिवाणखाना जेमतेम आठ पावलांचा होता. दहा भरावीत म्हणून थोरली स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली होती. धाकटीने तिला काहीतरी विचारलं, तर तिने नुसतं ओठांवर बोट ठेवलं आणि दगडाला खळगा कसा पडतो ते ऐकत राहिली.